८६४ अणूंची पेटी

द्रवातील अणू क्षणभरही स्थिर नसतात. त्यातील प्रत्येक अणूची धावपळ सूक्ष्मदर्शकाने टिपणे अशक्य. ती संगणकाकरवी जाणून घेण्याचा मार्ग ज्यांनी रुळविला, ते अनीसुर रेहमान मूळचे हैदराबादचे.

त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १९२७ रोजी झाला. केंब्रिजमध्ये गणित व पदार्थविज्ञानाचे शिक्षण घेतल्यावर बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. मायदेशी परतून उस्मानिया विद्यापीठात अध्यापन आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन केल्यानंतर १९६० मध्ये ते शिकागोजवळील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत दाखल झाले.

बर्नी आल्डर आणि टॉम वेनराइट यांनी त्याआधीच संगणकावर अणूंची गती मांडली होती. पण त्यांचे अणू एकमेकांवर आदळणाऱ्या टणक गोळ्यांसारखे होते. खरे अणू फार जवळ आले की परस्परांना दूर लोटतात आणि थोडे दूर गेले की ओढतात. ही ओढाताण रेहमान यांनी गणितात आणली. १९६४ मध्ये सीडीसी ३६०० या संगणकावर त्यांनी द्रवरूप अरगॉन वायूचे ८६४ अणू न्यूटनच्या नियमांनुसार फिरविले. वेळेचा प्रत्येक टप्पा होता सेकंदाचा शंभर लाख कोटीवा भाग.

थेंबभर द्रवात अब्जावधी अब्ज अणू असतात. तेथे ८६४ अणूंचा काय पाड, ही शंका रास्त होती. त्यावर एक युक्ती वापरण्यात आली. काल्पनिक पेटीच्या एका भिंतीतून बाहेर पडणारा अणू समोरच्या भिंतीतून आत येई. त्यामुळे द्रवाला कडाच उरली नाही. अणू द्रवात पसरण्याचा जो वेग हिशेबातून निघाला, तो प्रयोगशाळेतील मोजमापाच्या अगदी जवळचा होता. मूठभर अणू साऱ्या पदार्थाचे गुणधर्म सांगू शकतात, हे सिद्ध झाले.

१९७१ मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह त्यांनी पाण्याचे २१६ रेणू अभ्यासले. पुढे १९८० च्या सुमारास मिकेले परिनेलो यांच्यासमवेत त्यांनी दाबानुसार पेटीचाच आकार बदलू दिला. त्यामुळे बाहेरचा दाब आणि आतल्या अणूंची फेररचना यांची सांगड बसली व स्फटिकाचे रूपांतर संगणकात घडताना पाहता येऊ लागले.

अरगॉनच्या त्या पेटीची बाजू जेमतेम साडेतीन नॅनोमीटर होती. नॅनोतंत्रज्ञान हा शब्द १९७४ मध्ये प्रथम वापरला जाण्यापूर्वीच रेहमान त्या मापाच्या जगात वावरत होते. आज नवा पदार्थ घडविताना इलेक्ट्रॉनच्या पातळीवर अणूंमधील बळे काढली जातात, त्यावरून अणूंची हालचाल आणि तिच्यावरून अखंड पदार्थाचे वर्तन ठरते. या शिडीची मधली पायरी रेहमान यांनी भक्कम केली. मात्र बळांचा अंदाज चुकला, तर वरचा सारा हिशेब कोसळतो.

१९८५ मध्ये ते मिनेसोटा विद्यापीठात गेले. अवघ्या दोन वर्षांनी, ६ जून १९८७ रोजी, त्यांचे निधन झाले. अमेरिकन फिजिकल सोसायटी १९९३ पासून संगणकीय भौतिकीसाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक देते.