अण्णांचा डावा हात

बँकेत लागलो तेव्हा कॅशच्या खिडकीवरच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं मला नोटा मोजायला शिकवलं. डाव्या हातानं गड्डी घट्ट धरायची, मोजायचं काम उजव्याचं. मला ते लगेच जमलं, कारण घरी पेटी वाजवतानाही वाटणी हीच होती. उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर नाचणार आणि डावा बिचारा भाता मारत बसणार. पुढे साहेब झालो, सह्यांचं काम आलं, तेव्हाही डावा हात कागद दाबून धरण्यापुरताच राहिला. असा हा हात वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत निरक्षर होता.

त्याला अक्षरओळख झाली ती मुलीच्या कीबोर्डमुळे. लग्न होऊन पुण्याला जाताना तो ती धरमपेठेतल्या आमच्या घरी ठेवून गेली. कीबोर्डला भाता नाही, त्यामुळे डावा हात मांडीवर नुसता पडून राहायचा. शेवटी सदरमध्ये पियानो शिकवणाऱ्या एका तरुणाकडे जाऊ लागलो. डाव्या हातानं कॉर्ड धरायची, म्हणजे तीन-चार सूर एकदम दाबायचे, हे त्यानं दाखवलं आणि मनापासून आवडणारं एखादं गाणं निवडायला सांगितलं. मी 'अलबेला'मधली अंगाई निवडली. आमची ही मुलीला निजवताना तीच म्हणायची. तिचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले अण्णा चितळकर. त्यांची निवड किती योग्य होती हे मला पुढे कळलं, कारण अण्णा मुळात माझ्यासारखेच पेटीवाले! डावा हात भात्यावर असलेला हा माणूस जाझच्या वाटेला गेला कसा, याचाच मी शोध घेऊ लागलो.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म 12 जानेवारी 1918 चा, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. गाण्याचे धडे त्यांनी आपल्या नागपुरातच शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात घेतले. वसंतराव देशपांडेही याच सप्रे गुरुजींचे शिष्य. एकाच गुरूच्या हाताखालून एक जण नाट्यगीताच्या आणि ख्यालाच्या दुनियेत गेला आणि दुसरा ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या. नागपूरकरांनी हे अभिमानानं सांगावं, पण आपण संत्र्यांपुढे जात नाही! पुढे पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयातही अण्णा शिकले.

त्यांना व्हायचं होतं मात्र नट. 1935 साली 'नागानंद' या चित्रपटात नायकाची भूमिका मिळाली आणि चित्रपट पडला. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये किरकोळ भूमिका वाट्याला आल्या. तिथेच बुंदू खाँ आणि हबीब खाँ या संगीतकारांच्या साथीला ते पेटी वाजवू लागले. नायकाचा साथीदार झाला. आपल्यापैकी कुणाला ही पायउतार वाटेल. मला वाटतं, अण्णांचं खरं शिक्षण इथंच झालं. दुसऱ्याच्या चालीमागे बसायचं, ती उचलून धरायची आणि तिच्या पुढे पळायचं नाही, हे साथीदाराला पहिल्या दिवसापासून शिकावं लागतं.

दोन तमिळ चित्रपटांना संगीत दिल्यावर 1942 मध्ये भगवानदादांच्या 'सुखी जीवन'नं त्यांना हिंदीत पाय रोवू दिले. आता त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे आणा. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबीचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला होता. शिकागो गाजवून आशियात आलेला टेडी वेदरफोर्ड हा कृष्णवर्णी पियानोवादकही ताजमध्ये वाजवून गेला. तो पुढे 1945 मध्ये कलकत्त्यात पटकीनं वारला. या पाहुण्यांचं वाजवणं कान देऊन ऐकणारे होते आपले गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांमध्ये लहानपणापासून व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकलेली ही मंडळी रात्री हॉटेलात जाझ वाजवत आणि दिवसा फिल्मी स्टुडिओत.

अण्णांच्या वाट्याला त्यातला एक हिरा आला. आंतोनियु झेवियर वाझ, हळदोण्याचा. त्याला सगळे चिक चॉकलेट म्हणत. लुई आर्मस्ट्राँगच्या धाटणीनं ट्रंपेट वाजवणारा हा गोवेकर अण्णांचा सहायक झाला. रागदारीत वाढलेल्या आपल्या पेटीवाल्यांना चाल सुचते ती एका ओळीत, एका सुरामागून एक. त्या ओळीखाली कॉर्ड कुठली, बासनं काय धरायचं, ट्रंपेटनं कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे कागदावर उतरवण्याची विद्या या गोवेकरांकडे होती. मी तर म्हणेन, भात्यात अडकलेला अण्णांचा डावा हात गोव्याहून आला!

1947 च्या 'शहनाई'तल्या रविवारच्या गाण्यानं सोवळ्या मंडळींना घाम फोडला. 1949 च्या 'पतंगा'तला रंगूनचा टेलिफोन घरोघरी वाजला. 1951 ला 'अलबेला' आला. त्यात चिक चॉकलेट आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. बोंगो, क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन अशी धमाल, आणि त्याच चित्रपटात ती शांत अंगाई. दोनच वर्षांनी 'अनारकली'. तिथे त्याच माणसाच्या चाली अशा काही निर्मळ वाहतात की हा जाझवाला असेल यावर विश्वास बसू नये. 1957 च्या 'आशा'मधलं 'ईना मीना डीका' बडबडगीतासारखं. त्यात गोव्याची कोकणीही शिरली आहे.

इथे सदरमधल्या माझ्या गुरूचा एक धडा सांगायला हवा. समजा, पांढरी एकचा सा धरला. जाझमध्ये घरी परतताना बहुधा तीन कॉर्ड लागोपाठ येतात: रे-म-ध-सा, मग प-नी-रे-म, मग सा-ग-प-नी. एवढ्या उड्या मारताना माझी बोटं धापा टाकू लागली. तेव्हा त्या पोरानं सांगितलं की प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर सोडून द्या, तो बास वाजवणारा देईल. त्याच्या वरचा पाचवाही सोडा, त्यानं फारसं बिघडत नाही. उरले दोन-दोन सूर. म आणि वरचा सा, मग म आणि नी, मग ग आणि नी. वाचकहो, घरात पेटी असेल तर करून पाहा. दर वेळी एकच बोट हलतं आणि तेही लगतच्या पट्टीवर! कॉर्डचा सगळा रंग या दोन सुरांत असतो. हे जोडसूर पेटीच्या मध्यावर धरायचे, खर्जात नेले की गढूळ होतात. बिल इव्हान्स (1929–1980) या अमेरिकन पियानोवादकानं मूळ सूर वगळण्याच्या या रीतीवर आणखी रंग चढवले आणि जगभरचे विद्यार्थी ती गिरवू लागले.

पहिल्या सुरावर हक्क सांगायचा नाही, ही गोष्ट पेटीवाल्याला पचायला जड. मी तर आयुष्यभर हिच्या गाण्यातला प्रत्येक सूर पेटीवर वाजवत आलो, वर माझ्या हरकतीही घालत आलो. एका गणेशोत्सवात ती गात होती आणि टाळ्या मी घेतल्या. त्यानंतर ती गायची हळूहळू थांबली. ते माझ्या लक्षात यायला कित्येक वर्षं लागली. मी तिची साथ करत नव्हतो, तिची जागा अडवत होतो.

अण्णांनाही सोबत टिकवणं नेहमी जमलं असं नाही. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांचं आणि लताबाईंचं एकत्र काम थांबलं. 'नवरंग' (1959) आणि 'स्त्री' (1961) गाजले, पण पुढे हिंदीतलं काम आटत गेलं. दुराव्यानंतर दोघं पुन्हा एकत्र आले ते कवी प्रदीप यांच्या त्या गीतासाठी. चीनच्या युद्धातल्या जवानांच्या स्मरणार्थ 27 जानेवारी 1963 रोजी ते दिल्लीत पंडित नेहरूंसमोर गायलं गेलं. 1967 मध्ये चिक चॉकलेट गेला. अण्णांनी गदिमांच्या 'गीतगोपाल'ला चाली दिल्या, 'घरकुल'सारखे मराठी चित्रपट केले, 1977 मध्ये 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहिलं आणि 5 जानेवारी 1982 रोजी मुंबईत ते गेले. तेव्हा ते जेमतेम चौसष्टीला टेकले होते.

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी मी कीबोर्डवर माझ्या त्या तीन जोड्या घोकत होतो. स्वयंपाकघरातून अंगाई ऐकू आली. सवयीनं उजवा हात चालीकडे धावला. तो मी उचलून मांडीवर ठेवला आणि नुसता डावा चालू ठेवला. अंतऱ्यात एका जागी ती अडली. मी कॉर्ड धरून थांबलो. तिला जागा सापडली आणि ती पुढे गेली.

गाणं संपल्यावर तिनं बाहेर येऊन एवढंच सांगितलं की आता आवाज पूर्वीचा नाही, उद्यापासून काळी चार धरा. म्हणजे त्या तिन्ही जोड्या मला नव्या पट्टीत पहिल्यापासून शिकाव्या लागणार. कीबोर्डवर पट्टी बदलायचं बटण आहे, पण गुरूनं त्याला हात लावायचा नाही अशी तंबी दिली आहे. मी सुरुवात केली आहे.