एका आदिजीवाच्या मागावर : सर रोनाल्ड रॉस

रत्नागिरीस आलेला पाहुणा थिबा राजवाडा पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. १८८५ च्या युद्धात ब्रह्मदेशचे राज्य गेले आणि पुढच्याच वर्षी थिबा राजाला येथे आणून ठेवण्यात आले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याच युद्धात इंग्रजी फौजेबरोबर एक तरुण डॉक्टर होता. त्याचे मन डॉक्टरीत कमी आणि कवितेत जास्त रमत असे. पुढे त्यानेच हिवतापाचे कोडे उलगडले. भातखाचरे, विहिरी आणि आगरातले पाट यांच्या सोबतीने राहणाऱ्या कोकणाला हा ताप नवा नाही. म्हणून सर रोनाल्ड रॉस यांची कहाणी आपल्याला परकी वाटू नये.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयाच्या कुशीतील अल्मोडा येथे झाला. मीरतेस बंडाची ठिणगी पडून तेव्हा तीनच दिवस झाले होते. वडील लष्करी अधिकारी. आठव्या वर्षी मुलाची रवानगी विलायतेस झाली. त्याला चित्रकार किंवा लेखक व्हायचे होते, पण वडिलांच्या इच्छेपुढे काही चालले नाही. १८७४ साली तो लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकी शिकू लागला. परीक्षेत अपयशही पदरी आले. अखेर १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी मिळाली. छावणीतील काम बेताचेच असे. उरलेल्या वेळात रॉस कविता लिहीत, गणिते सोडवीत. एक कादंबरीही त्यांनी लिहिली. कला शाखेच्या विद्यार्थ्याला जवळचा वाटावा असाच हा गृहस्थ होता.

आता ज्याच्या मागे ते पुढे लागले त्या जीवाची थोडी ओळख करून घेऊ. सारा देह एकाच पेशीचा, तरीही खाणेपिणे, वाढणे, प्रजा निर्माण करणे हे सर्व व्यवहार त्या एका पेशीत चालणारे, असे असंख्य सूक्ष्म जीव पृथ्वीवर आहेत. आपण त्यांना आदिजीव म्हणतो. हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये अशा जीवांसाठी प्रोटिस्टा हे निराळे राज्यच सुचविले. डबक्यातला अमीबा त्यांपैकीच. समुद्रातले डायॅटम हे सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न बनवितात. कोकण किनाऱ्यावर एखाद्या रात्री लाटा चमकताना दिसतात, तीही बहुधा नॉक्टिल्युका या आदिजीवाची करणी असते. काही आदिजीव मात्र दुसऱ्याच्या देहात घुसून राहतात. हिवतापाचा प्लास्मोडियम हा असाच परोपजीवी. तो रक्तातील तांबड्या पेशींत शिरतो, आतच वाढतो आणि अनेक होऊन पेशी फोडून बाहेर पडतो. नेहमीच्या हिवतापात हे चक्र सुमारे ४८ तासांचे असते. म्हणून हुडहुडी दिवसाआड भरते.

लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरने १८८० साली अल्जीरियात हा जीव रोग्याच्या रक्तात प्रथम पाहिला. पण एका माणसाच्या रक्तातून तो दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा, हे कोणालाच उमगले नव्हते. खुद्द रॉस यांचा तर लाव्हरांवर विश्वासच नव्हता. १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना तो जीव सूक्ष्मदर्शकातून दाखविला, आणि डास हाच त्याचा वाहक असावा असा आपला तर्कही सांगितला. या भेटीने रॉस यांचे आयुष्य बदलले. १८९५ मध्ये मुंबईस उतरताच, सामान कस्टममधून सुटण्याची वाटही न पाहता, ते हिवतापाच्या रोग्यांच्या शोधात तेथील रुग्णालयात गेले.

त्यानंतर सिकंदराबादेस त्यांनी शेकडो डास फाडून पाहिले. हाती काहीच लागेना. एक तर ते भलत्याच जातीचे डास तपासत होते. दुसरी अडचण त्याहून मोठी होती. हा आदिजीव बहुरूप्यासारखा आहे. माणसाच्या रक्तातले त्याचे रूप वेगळे, डासाच्या पोटातले वेगळे. ज्याचे रूपच ठाऊक नाही त्याला ओळखायचे कसे? मध्येच कॉलऱ्याच्या कामासाठी त्यांची बदली बंगळूरला झाली. उटीजवळच्या घाटात तर त्यांनाच हिवतापाने गाठले.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये ठिपकेदार पंखांचे काही डास त्यांच्या हाती आले. हे अ‍ॅनॉफिलीस डास होत, पण ते नाव रॉस यांना तेव्हा ठाऊक नव्हते. हुसेन खान नावाच्या रोग्याला चाव्यामागे एक आणा देऊन ते डास त्याच्या अंगावर सोडण्यात आले. उकाडा भयंकर, पण पंखा चालविला तर डास उडून जातील, म्हणून पंखा बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. २० ऑगस्ट रोजी एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. ते काळे कण हिवतापाच्या जीवाचीच खूण होती. दुसऱ्या दिवशी उरलेल्या डासात त्याच पेशी आणखी मोठ्या झालेल्या आढळल्या. बहुरूप्याचे नवे रूप ओळखले गेले होते.

यश असे दारी आले तोच त्यांची बदली राजपुतान्यातील खेरवाड्यास झाली. तेथे हिवताप फारसा नव्हता. १८९८ मध्ये ते कलकत्त्यास आले. प्लेगच्या लसीच्या धास्तीने लोक बोटाला सुई टोचू देईनात. तेव्हा रॉस पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळले. मुहम्मद बक्ष या सहाय्यकासह काम करून त्यांनी तो जीव डासाच्या लालाग्रंथीत शोधला आणि डासांच्या चाव्याने निरोगी चिमण्यांना रोग होतो हे सिद्ध केले. माणसाच्या बाबतीतला पूर्ण पुरावा त्याच वर्षअखेर इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. नोबेल पारितोषिक १९०२ मध्ये एकट्या रॉस यांना मिळाले. तरीही ग्रासींशी त्यांचे भांडण जन्मभर मिटले नाही. एवढ्या मोठ्या माणसाला हे शोभले नाही असेच म्हणावे लागते. आणि ज्यांच्या अंगावर हे प्रयोग झाले, त्या हुसेन खानासारख्या गरिबांचे चरित्र तर कोणी लिहूनच ठेवले नाही.

मात्र शोध लावून रॉस स्वस्थ बसले नाहीत. साचलेले पाणी काढा, डास घटवा, म्हणून ते देशोदेशी सांगत फिरले. हिवताप हटविण्यासाठी एकूण एक डास मारावा लागत नाही, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरे, हे त्यांनी गणिताने दाखविले. तरुणपणीची आवड अशी कामास आली. १६ सप्टेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले.

बहुरूप्याची सारी रूपे त्यांच्या हयातीत उघड झाली नव्हती. रक्तात शिरण्याआधी तो यकृतात लपून वाढतो, हे १९४८ मध्ये समजले. त्याच्या पेशीत एका प्राचीन शेवाळाच्या हरितकणाचा अवशेष आहे, हे तर १९९० नंतरच्या दशकात कळले. आपल्या समुद्रात चमकणारा नॉक्टिल्युका आणि रक्तात शिरणारा प्लास्मोडियम हे दूरचे भाऊबंद आहेत, असे आज शास्त्र सांगते.

भारतात १९५३ पासून राष्ट्रीय पातळीवर मोहीम चालली, डीडीटीच्या फवारण्या झाल्या, ताप एकदा पुष्कळ ओसरला आणि पुन्हा उलटलाही. घरामागची उघडी टाकी आणि न उपसलेली विहीर यांत ठिपकेदार पंखांचा डास आजही वाढू शकतो. रॉस यांनी शत्रूला ओळखून दिले. झाकण घालण्याचे काम मात्र आपल्यालाच करायचे आहे.