डॉ. आनंदीबाई जोशी आणि बाळाचे पहिले दहा दिवस

बाळ अंगावर पीत नाही, छातीला धरले की झोपते, दूध ओढायच्या ऐवजी तोंड फिरवते. यवतमाळमध्ये बाळंतिणीची आई किंवा सासू ही तक्रार घेऊन आली नाही असा दिवस आम्हा बालरोगतज्ज्ञांचा जात नाही. बहुतेक वेळा कारण साधे असते आणि अर्ध्या तासात मार्ग निघतो. काही वेळा मात्र ती मोठ्या आजाराची पहिली खूण असते आणि मग एकेक तास मोलाचा ठरतो. हा फरक समजावताना डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकामुळे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या डॉक्टर होण्यामागे एक दहा दिवसांचे बाळ होते, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात कारकून, बिजवर आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा. सासरचे नाव आनंदी. बायकोने शिकलेच पाहिजे हा गोपाळरावांचा हट्ट होता आणि तो त्यांनी कठोरपणे चालवला. त्या कठोरपणाचे कौतुक करावे असे मला कधी वाटले नाही, पण त्या काळी दुसऱ्या कोणी त्या मुलीच्या हातात पुस्तक दिले नसते, हेही खरे आहे.

चौदाव्या वर्षी आनंदी आई झाली. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्याला योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि या घटनेनेच आनंदीच्या मनात डॉक्टर होण्याचा विचार रुजला, असे त्यांची चरित्रे सांगतात.

इथे थोडे थांबू. चौदा वर्षांच्या मुलीचे स्वतःचे शरीर अजून वाढत असते. अशा आईचे बाळ दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता जास्त असते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन गोष्टींचा मेळ बाळाला साधारण ३४ आठवड्यांच्या गर्भावस्थेनंतरच नीट जमतो. त्याआधी जन्मलेले बाळ छातीशी धरले तरी दोन घोट घेऊन दमते आणि झोपी जाते. घरच्यांना वाटते, बाळ शांत आहे, गुणी आहे. खरे तर ते उपाशी असते. उपाशी बाळाच्या रक्तातली साखर उतरते, अंग गार पडते, आणि गार पडलेले बाळ आणखीच कमी पिते. हे चक्र काही तासांतही पुरे होऊ शकते. त्यात नाळेतून किंवा त्वचेतून जंतुसंसर्ग झाला तर बाळाला ताप येईलच असे नाही. पुष्कळदा एवढेच दिसते की काल चांगले पिणारे बाळ आज पीत नाही.

हे शेवटचे वाक्य घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावे. पहिल्या दिवसापासून बाळ जरा आळशीपणे पिते ही एक गोष्ट, आणि चांगले ओढणाऱ्या बाळाने ओढणे सोडले ही अगदी वेगळी गोष्ट. आपल्या विदर्भातच, चंद्रपूरच्या पलीकडे गडचिरोलीत, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला शिकवले. पूर्वी नीट चोखणारे बाळ आता चोखत नाही किंवा कमी चोखते, ही त्या खुणांपैकी एक होती. रडणे क्षीण होणे आणि हातपाय ढिले पडणे या आणखी दोन. त्या गावांत तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आनंदीबाईंच्या बाळानंतर सुमारे १२० वर्षांनी.

आता साध्या कारणांकडे वळू, कारण तुमच्या बाळाचे कारण बहुधा यातलेच असेल. पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाला एका वेळी चमचा-दोन चमचे चीकच पुरतो. तो पिवळा, घट्ट चीक म्हणजे दूध न येणे नव्हे, आणि तो पिळून टाकायचा तर मुळीच नाही. बाळाचे वजन पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरते आणि दोन आठवड्यांच्या आत भरून येते. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पिणे आणि पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होणे, एवढे असेल तर दूध पुरते आहे.

पीत नसेल तर आधी दुपट्यातून सोडवून बघा. आपल्याकडे बाळाला टोपडे, दुपटे, वर गोधडी असे गुंडाळतात, आणि ऊब मिळाली की ते झोपतेच. कपडे काढून आईच्या उघड्या छातीवर ठेवा, पायाचे तळवे चोळा. छातीला लावताना फक्त बोंडशी तोंडात गेली तर दूध येत नाही आणि आईला चिराही पडतात. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली आणि काळ्या भागाचा बराचसा हिस्सा तोंडात, असे दिसले पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी भरली तर बाळाला पकडच मिळत नाही. अशा वेळी थोडे दूध हाताने काढून छाती मऊ करावी. नाक चोंदले असेल तर आधी मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब टाकावेत. जिभेवर न पुसला जाणारा पांढरा थर असेल तर डॉक्टरांना दाखवावा.

आणि बाळगुटी. तिच्यावर रागावून उपयोग नाही, ती मायेने दिली जाते. पण मध, गुळाचे पाणी, गुटी, ग्राइप वॉटर यांनी एवढेसे पोट भरते आणि बाळ दुधाकडे पाठ फिरवते. मधात असू शकणारे जंतू तर वर्षाच्या आतल्या बाळाला लकव्यासारखा धोकादायक आजार देऊ शकतात. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ वर गेला तरी सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी नको. आईच्या दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असते. उन्हाळ्यात पाण्याऐवजी छातीला जास्त वेळा लावावे, आणि बाळंतिणीने स्वतः भरपूर पाणी प्यावे.

परत आनंदीबाईंकडे येऊ. बाळ गेल्यानंतर गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर संसार गावोगाव फिरला. अमेरिकेत बायकोच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याच्या दवाखान्यात वाट पाहत बसलेल्या असताना ते वाचले आणि या अनोळखी मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला. त्यातून दोघींचे मावशी-भाचीसारखे नाते जडले. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. पुरुष डॉक्टरला आजार दाखवायला इथल्या बायका तयार होत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, हा त्यांचा मुद्दा होता. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या बोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता. वय १८.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या तीन वर्षे शिकल्या. लुगडे नेसून, शाकाहार सांभाळून, तिकडच्या थंडीत. तब्येत आधीपासूनच नाजूक होती. डोकेदुखी, ताप, धाप ही दुखणी देश सोडण्याआधीची. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी बाळंतीण झालेली मुलगी विशीत बाळंतपणाच्या शास्त्रावर लिहीत होती. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या तेव्हा क्षयाने त्यांना पुरते ग्रासले होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ सालीच शोधला होता, पण त्यावर पहिले खरे औषध यायला आणखी साठ वर्षे लागणार होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेत गेली आणि न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी इथे त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली गेली. ज्या कामासाठी एवढा प्रवास केला, तो विभाग त्यांना चालवता आला नाही.

क्षयाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आईला टीबी निघाला की घरचे लगेच बाळाला तोडतात आणि डबा सुरू करतात. औषधे चालू असलेल्या बहुतेक आयांना अंगावर पाजता येते. तोंडाला मास्क लावावा आणि बाळाला प्रतिबंधक औषध लागते का ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आनंदीबाईंच्या बाळाला जे मिळाले नाही ते आज आपल्या जिल्ह्यात आहे, फक्त वेळेत पोहोचावे लागते. झरी जामणी, मारेगाव, केळापूरकडच्या कोलाम पोडांवरून पावसाळ्यात निघणे किती अवघड असते याची कल्पना आहे. म्हणूनच थांबून बघू असे म्हणू नये. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. दहावा दिवस दोन भेटींच्या मध्ये पडतो. त्या दिवशी बाळाने पिणे सोडले तर चौदाव्या दिवसाची वाट पाहायची नाही, लगेच निरोप पाठवायचा.

पिणे बंद झाले किंवा निम्म्यावर आले आणि बाळ उठवूनही उठत नाही, अंग गार किंवा गरम लागते, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आहे, छाती आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, नाळेतून पू येतो, आठ तासांत लघवी नाही, यातले एकही असेल तर त्याच क्षणी निघावे. १०८ किंवा १०२ ला फोन करावा. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचा उपचार आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अशा बाळांवर उपचार होतात.

वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभे धरून वरून पदर किंवा शाल घ्यावी, म्हणजे अंग गार पडत नाही. बाळ जागे असेल आणि गिळत असेल तर हाताने काढलेले दूध स्वच्छ वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थोडे थोडे पाजावे. गुंगीत असेल, झटके येत असतील किंवा धाप लागली असेल तर तोंडात काहीही घालू नये, दूध श्वासनलिकेत जाते. बाटली नको. जन्माचे वजन लिहिलेले कार्ड सोबत घ्यावे, आणि बाळ शेवटचे नीट कधी प्याले, लघवी कधी झाली, घरी काय चाटवले, हे बाळंतिणीलाच विचारून डॉक्टरांना सांगावे. गुटी दिली असेल तर तेही. आम्ही रागावत नाही.