व्हॅन डर वाल्स : रेणूंमधली ओढ मोजणारा शाळामास्तर

वायू थंड करून दाबला की त्याचा द्रव का होतो? वायूंच्या जुन्या समीकरणातून याचे उत्तर मिळत नव्हते. त्या समीकरणात रेणूंना आकारमान नव्हते आणि एकमेकांविषयी ओढही नव्हती. ही उणीव भरून काढली एका सुताराच्या मुलाने.

योहानेस डिडेरिक व्हॅन डर वाल्स यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८३७ रोजी नेदरलँड्समधील लायडन येथे झाला. दहा भावंडांत ते थोरले. विद्यापीठाकडे नेणारे शालेय शिक्षण त्यांना मिळाले नाही, म्हणून ते शिक्षक झाले. नोकरी सांभाळून ते लायडन विद्यापीठातील व्याख्याने ऐकत. पण लॅटिन आणि ग्रीक शिकलेले नसल्यामुळे त्यांना परीक्षा देता येत नव्हती. पुढे ही अट शिथिल झाली आणि १८७३ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी, त्यांना डॉक्टरेट मिळाली.

प्रबंधात काय होते?

रेणू खरोखर असतात का, याबद्दलच तेव्हा अनेक शास्त्रज्ञांना शंका होती. व्हॅन डर वाल्स यांनी मात्र ते खरे मानून समीकरणात दोन दुरुस्त्या केल्या. रेणू जागा व्यापतात, म्हणून त्यांना फिरायला मोकळी जागा कमी उरते. रेणू एकमेकांना ओढतात, म्हणून भांड्याच्या भिंतीवरचा दाब कमी पडतो. या दुरुस्त समीकरणातून वायू आणि द्रव ही एकाच पदार्थाची सलग रूपे असल्याचे दिसले. कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही, हे अँड्र्यूज यांनी प्रयोगाने दाखवले होते. त्याचे कारणही आता कळले : या तापमानाच्या वर रेणूंची धावपळ त्यांच्यातील ओढीला पुरून उरते.

दुःख आणि यश

१८७७ मध्ये ते ॲमस्टरडॅम विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८८० मध्ये त्यांनी सर्व वायूंना एकाच मापाने मोजणारा नियम मांडला. पुढच्याच वर्षी क्षयरोगाने त्यांच्या पत्नीचे निधन झाले. चार मुले मागे राहिली. या धक्क्यानंतर जवळपास दहा वर्षे त्यांनी काहीही प्रसिद्ध केले नाही.

त्यांचा नियम मात्र प्रयोगशाळांमध्ये कामी येत होता. एखादा वायू किती थंड करावा लागेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येई. १८९८ मध्ये ड्यूअर यांनी हायड्रोजनचा द्रव केला. १९०८ मध्ये लायडनमध्येच कामरलिंग ओनस यांनी हेलियमचा द्रव केला. हेलियमच्या अणूंमधली ओढ इतकी क्षीण असते, की त्यासाठी तापमान सुमारे उणे २६९ अंशांपर्यंत खाली न्यावे लागले.

१९१० मध्ये व्हॅन डर वाल्स यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ८ मार्च १९२३ रोजी त्यांचे निधन झाले. रेणूंमधल्या या क्षीण बलांना आज त्यांचेच नाव आहे. भिंतीवर चढणाऱ्या पालीच्या पायांची पकडही मुख्यतः याच बलांमुळे टिकते.