कपाट उघडे राहिले तेव्हा

इटलीमध्ये १९९० साली हजार लिरांची नवी नोट निघाली. बँकेच्या नोकरीत वेगवेगळ्या देशांच्या नोटांवरचे चेहरे न्याहाळायची मला सवय लागली होती. राजे, सेनापती, दर्यावर्दी, मोठमोठे कवी अशी मंडळी तिथे बसलेली असतात. या नोटेवर मात्र पांढऱ्या केसांच्या एका वयस्क बाईंचा चेहरा होता आणि मागच्या बाजूला अभ्यास करणारी मुले. हजार लिरा म्हणजे त्या वेळी तिथली सर्वांत लहान कागदी नोट, पाववाल्यापासून बसच्या प्रवाशापर्यंत सगळ्यांच्या हातून फिरणारी. २००२ साली लिरा गेला, युरो आला आणि ती नोट संग्राहकांच्या पाकिटात जाऊन बसली.

त्या बाईंचे नाव आपल्याकडे नोटेवर नाही, पाट्यांवर आहे. मराठी मुलखातल्या कुठल्याही गावात दोन गल्ल्या ओलांडल्या की ‘माँटेसरी’ अशी पाटी दिसते. लहान मुलांची शाळा म्हणजे माँटेसरी असे समीकरण इतके पक्के झाले आहे की, हे एका हाडामांसाच्या बाईचे आडनाव आहे, याची आठवणही कोणाला राहिलेली नाही. त्या बाईंचे आयुष्य मी जसजसे वाचत गेलो, तसतसे मला वाटू लागले की, पाटी आपण उचलली, पण पाटीमागची गोष्ट तिथेच राहिली.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, अँकोनाजवळच्या कियारावाल्ले या लहानशा गावातला. वडील सरकारी नोकरीत, हिशेबी आणि जुन्या वळणाचे. आई शिकलेली, पुस्तकांत रमणारी. मारिया पाचएक वर्षांची असताना कुटुंब रोमला आले. शिकलेल्या मुलीने फार तर शिक्षिका व्हावे, अशी त्या काळची रीत आणि वडिलांचीही तीच इच्छा. गंमत अशी की, मारियाला नेमके तेच नको होते. आधी तिने इंजिनियर व्हायचे ठरवले, मग डॉक्टर. वडील नाराज झाले, आई पाठीशी उभी राहिली. वैद्यकीय महाविद्यालयात पुरुष विद्यार्थ्यांबरोबर शवविच्छेदन करणे बाईमाणसाला शोभत नाही म्हणून तिला ते काम सगळे घरी गेल्यावर, संध्याकाळी एकटीने करावे लागे. १८९६ साली ती डॉक्टर झाली. इटलीतल्या अगदी पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांपैकी ती एक. आता तिला ‘बाई’ म्हणायला हरकत नाही.

रोम विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात माँटेसरीबाई काम करू लागल्या. त्या निमित्ताने शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळांत त्यांचे जाणे-येणे होई. ज्यांना त्या काळी मतिमंद म्हणत, अशी मुले तिथे मोठ्या माणसांबरोबरच कोंडलेली असत. सांगतात की, जेवण झाले की ही मुले जमिनीवर पडलेले पावाचे कण शोधत बसत. सांभाळणाऱ्या बाईला त्यात हावरेपणा दिसे. माँटेसरीबाईंनी त्या खोलीकडे नीट पाहिले. हातात धरायला, फिरवायला, चाचपायला तिथे एकही वस्तू नव्हती. त्यांच्या लक्षात आले की, भूक पोटाची नाही, हातांची आहे.

मेंदूत दोष आहे म्हणजे औषधच हवे, असा तेव्हाच्या वैद्यकाचा कल होता. या तरुण डॉक्टरणीला वाटू लागले की, प्रश्न औषधापेक्षा शिकवण्याचा अधिक आहे. इटार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांवर आधीच काम करून ठेवले होते. त्यांची पुस्तके बाईंनी फ्रेंचमधून इटालियनमध्ये स्वतःच्या हाताने उतरवून काढली. डोळे, कान, बोटे यांना काम देणारी लाकडी साधने करवून घेतली. त्यांच्या हाताखालची काही मुले सर्वसाधारण मुलांसाठी असलेली वाचन-लेखनाची परीक्षा पास झाली. लोकांनी चमत्कार म्हणून टाळ्या वाजवल्या. बाई मात्र वेगळ्याच विचारात पडल्या. ही मुले इथवर येऊ शकतात, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळा इतक्या खाली का रोखून धरतात? त्यांचे पुढचे सगळे आयुष्य या एका प्रश्नात गेले.

त्याच वर्षांत आणखी एक गोष्ट घडली, ती जगाला फार उशिरा कळली. ३१ मार्च १८९८ रोजी त्यांना मुलगा झाला, मारिओ. त्याचे वडील माँटेसानो हे त्यांचे सहकारी डॉक्टर. लग्न झाले नव्हते. मूल जवळ ठेवले असते, तर डॉक्टरकी, अध्यापन, सगळेच संपले असते. मुलाला गावाकडच्या एका कुटुंबात ठेवण्यात आले. पुढे १९०१ मध्ये माँटेसानोंनी दुसरीशी लग्न केले आणि बाईंनी ती संस्था सोडली. आई अधूनमधून भेटायला जाई, पण आपण कोण हे सांगत नसे. मुलांचे मन जगाला उलगडून दाखवणाऱ्या या बाईंना आपल्या मुलाची पहिली पावले पाहायला मिळाली नाहीत. आज न्यायाधीश होणे सोपे आहे. त्या काळच्या रोममध्ये, एकट्या बाईला, दुसरी वाट किती उघडी होती हे पाहूनच बोलावे.

मग आले १९०७ साल. रोमच्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत एका बांधकाम कंपनीने जुन्या चाळी दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामाला गेले की मागे राहिलेली पोरे जिने आणि भिंती खराब करत. दुरुस्तीचा खर्च वाढू लागला, तेव्हा या मुलांना एका खोलीत बसवावे असे मालकांनी ठरवले. हिशेबाच्या वहीत वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला याचे मोठे नवल वाटते. जगातल्या एवढ्या मोठ्या शैक्षणिक प्रयोगाचा जन्म देखभाल खर्चाच्या रकान्यात झाला! ६ जानेवारीला ‘बालकांचे घर’ उघडले. पन्नासेक मुले, वय तीन ते सहाच्या आसपास, रडकी आणि बुजरी. सांभाळायला चाळीतलीच एक साधी मुलगी. बाई येत, एका कोपऱ्यात बसत आणि पाहत.

एकदा त्यांना दिसले की, तीनएक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या मापाच्या भोकांत बसवते आहे, काढते आहे, पुन्हा बसवते आहे. बाईंनी इतर मुलांना गाणे म्हणायला लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. मुलीने दट्टे मांडीवर घेतले आणि काम चालू ठेवले. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केले. मग थांबली आणि झोपेतून ताजेतवाने उठावे तशी हसली. कोणी तिला शाबासकी दिली नव्हती, गोळीही दिली नव्हती. किंबहुना गोळ्या वाटल्या तेव्हा बरीच मुले त्या बाजूला ठेवून कामाकडे परतली.

दुसरा प्रसंग कपाटाचा. साधने कपाटात कुलपात असत आणि शिक्षिका ती वाटत असे. एके दिवशी कुलूप लावायचे राहिले आणि तिला यायला उशीर झाला. ती आली तेव्हा मुलांनी आपापल्या आवडीची वस्तू काढून घेतली होती आणि सगळी कामाला लागली होती. शिक्षिकेला ती चोरी वाटली. बाईंना त्यात निवड दिसली. आपल्याला काय हवे हे मुलांना कळते, असे त्यांनी मानले आणि मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटे करवून घेतली. वर्गाचे नेतृत्व म्हणजे पुढे उभे राहून हुकूम सोडणे नव्हे. खोली नीट मांडून ठेवावी, एकदा दाखवावे आणि बाजूला व्हावे. साऱ्या माँटेसरी पद्धतीचे सार त्या विसरलेल्या कुलपात आहे, असे मला वाटते.

बक्षिसाबद्दल थोडे बँकेतले सांगतो. मार्चअखेर ठेवी वाढवण्याच्या मोहिमा निघत, शाखांना ढाली मिळत. ३१ मार्चला आलेल्या ठेवी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परतीच्या वाटेला लागत, हे आमच्या पिढीतल्या प्रत्येक शाखाधिकाऱ्याने पाहिले आहे. बक्षिसासाठी आलेले बक्षिसाबरोबर जाते. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालशाळेतल्या मुलांवर हेच तपासले. ज्यांना चित्र काढण्याबद्दल बक्षीस कबूल केले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे इतरांच्या निम्मीच वळली. जे काम खेळ होता, ते मजुरी झाले.

मेंदूशास्त्रही बाईंच्या बऱ्याच पुढे गेले आहे. पहिल्या काही वर्षांत मेंदूतल्या पेशींचे आपापसांतले जोड झपाट्याने वाढतात, वापरातले पक्के होतात आणि न वापरलेले छाटले जातात, हे आज माहीत आहे. चाळीस वेळा दट्टे बसवणाऱ्या मुलीचा हट्ट या अर्थाने शहाणपणाचा होता. तान्ही मुले जगातल्या भाषांचे नाना ध्वनी वेगळे ओळखतात आणि वर्षाच्या आसपास ती क्षमता घरच्या भाषेपुरती आवळत जाते, हेही सिद्ध झाले आहे. विशिष्ट वयात मूल विशिष्ट गोष्टीसाठी उत्सुक असते, असे बाई म्हणत, ते याच्या जवळचे आहे. मात्र ते वय टळले की दार कायमचे बंद, असा घाबरवणारा अर्थ कोणी काढू नये. मेंदू आयुष्यभर शिकत राहतो.

१९०९ मध्ये त्यांचे पुस्तक आले, त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली, अमेरिकेत जयजयकार झाला. इथून पुढची कहाणी सरळ नाही. मुलांपुढून बाजूला होणाऱ्या बाईंना आपल्या शिष्यांपुढून बाजूला होणे जमले नाही. शिक्षक आपणच घडवायचे, साधने आपल्याच मापाची, पद्धतीत फेरफार नको, असा आग्रह. १९१४ साली किलपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने कडक टीका केली आणि काही वर्षांत तिथली लाट ओसरली. इटलीत १९२४ पासून मुसोलिनीने शाळांना आश्रय दिला आणि बाईंनी तो घेतला. हुकूम पाळणारी पोरे हवी असणारा हुकूमशहा आणि स्वतः निवड करणारी मुले हवी असणाऱ्या बाई यांचे पटायचे कसे? १९३४ मध्ये फाटले. इटलीत आणि हिटलरच्या जर्मनीत त्यांच्या शाळा बंद झाल्या.

नोव्हेंबर १९३९ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्या मद्रासला अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत आल्या. सोबत मारिओ होता. १९१२च्या अखेरीस बाईंची आई वारली आणि त्यानंतर लवकरच, पंधराच्या आसपासचा हा मुलगा त्यांच्याकडे राहायला आला होता. तरीही जगासाठी तो पुतण्या किंवा दत्तक होता. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. बाईंना अड्यारच्या आवारात राहण्याचे बंधन आले आणि मारिओला नेले तेव्हाच्या अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत. ३१ ऑगस्टला बाईंना सत्तर वर्षे झाली, तेव्हा व्हाइसरॉयने भेट म्हणून मारिओला सोडले. त्या निरोपात त्याचा उल्लेख त्यांचा मुलगा असा होता. जे आई बेचाळीस वर्षे चारचौघांत म्हणू शकली नाही, ते परक्या सरकारच्या कागदावर आले.

पुढे कोडाईकनालचा मुक्काम, ठिकठिकाणचे वर्ग आणि हजाराहून अधिक भारतीय शिक्षक तयार झाले. १९४९ मध्ये त्या भारतातून कायमच्या गेल्या आणि ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधल्या नॉर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी वारल्या. मृत्युपत्रात मात्र त्यांनी मारिओला स्वच्छ शब्दांत आपला मुलगा म्हटले.

आपल्याकडे बाई येण्याच्या कितीतरी आधी त्यांचे विचार आले होते. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक ते वाचून कामाला लागले होते; १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी मापाची महागडी साधने वारल्यांच्या पाड्यावर कुठून आणायची? ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, खडे घेतले. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात नेली. बाईंच्या हातून जे सुटले नाही, ते ताराबाईंनी सैल केले आणि त्यामुळेच ते इथे रुजले. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द साऱ्या देशाचा झाला.

आता त्या पाट्यांकडे पुन्हा पाहू. नाव माँटेसरी आणि आत तीन वर्षांची मुले बाकांवर हाताची घडी घालून बसलेली, दप्तरात गृहपाठ, भिंतीवर पहिल्या नंबरांची यादी. आपल्या नातवंडासाठी शाळा बघायला जाल, तेव्हा इमारत, गणवेश आणि फीचा तक्ता पाहालच. जाता जाता साधनांचे कपाटही पाहा. त्याची उंची किती आहे, मुलाचा हात पोचतो का, आणि कुलूप लावलेले आहे का, एवढे पाहिले तरी आतल्या शिक्षणाचा बराच अंदाज येतो.