गानसम्राट अल्लादियाखाँ : गेलेला आवाज आणि घडवलेली गायकी



गेल्या सणाला इथे टोरोंटोत आपली मंडळी जमली होती. एरवी गाणी सुरू करून देणारा आपला एक तरुण त्या दिवशी मागे गप्प बसून होता. चौकशी केली तेव्हा समजले की, मागच्या हिवाळ्यात खोकला असतानाही तो हट्टाने गात राहिला आणि त्याचा गळा बसला. आता बोलता येते, पण वरचे सूर लागत नाहीत. म्हणून त्याने गाणेच सोडले. घरी परतताना मला अल्लादियाखाँसाहेबांची आठवण झाली. मुंबईला शाळेत असताना त्यांची हकीकत मी प्रथम ऐकली होती. ती आज त्या मुलासाठी लिहीत आहे. इतरांनाही आवडेल अशी आशा आहे.

खाँसाहेबांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजी राजस्थानातील उनियारा येथे झाला. घराणे मूळचे अलीगढजवळच्या अत्रौलीचे. पाळण्यातले नाव गुलाम अहमद; पण आधीची मुले जगली नव्हती, म्हणून हे मूल देवाने दिले अशा भावनेने त्यांना अल्लादिया म्हणू लागले. आपल्याकडच्या नथानेल या नावाचा अर्थही हाच. वडील अहमदखाँ लवकर वारले. मग चुलते जहांगीरखाँ यांनी जयपूरला मुलाला हाताशी धरले आणि आधी धृपद-धमार, नंतर ख्याल अशी कित्येक वर्षे कसून तालीम दिली. मेहनत अफाट होती आणि गळा तिला साथ देत होता. लहानमोठ्या संस्थानांतून बोलावणी येऊ लागली.

त्यांपैकीच आमलेटा हे माळव्यातले एक छोटे संस्थान. तिथला राजा गाण्याचा मोठा शौकीन. त्याला ऐकण्याचा कंटाळा येत नसे आणि पदरी असलेल्या गवयाला नाही म्हणण्याची सोय नसे. खाँसाहेब गात राहिले, फार गायले आणि एके दिवशी आवाज बसला. चार दिवसांत सुटेल असे वाटले होते, पण तो जवळजवळ दोन वर्षे परतला नाही.

गळ्यात दोन नाजूक पडदे असतात. ते एकमेकांवर आपटून थरथरतात आणि आवाज निघतो. सूर जितका वरचा, तितके ते ताणले जाऊन पातळ व्हावे लागतात आणि तितकेच वेगाने थरथरावे लागतात. अति ताणाने त्यांना सूज आली किंवा गाठी धरल्या, तर ते ताणले जात नाहीत. म्हणून दुखावलेल्या गळ्यातून सर्वांत आधी जातात ते वरचे सूर. अशा वेळी खरे औषध म्हणजे गळ्याला विश्रांती. परंतु ज्याचे पोट गळ्यावर आहे त्याने दोन वर्षे गप्प बसायचे म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी.

आवाज परत आला, पण तो पूर्वीचा नव्हता. पहिला गोडवा, पहिला सहजपणा गेला होता. दुसरा कोणी असता तर जुन्या आवाजासाठी झुरत बसला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाचा हिशोब मांडला. दमसास शाबूत होता. लयीची जाण होती. धृपदाची बैठक होती आणि शेकडो बंदिशी डोक्यात होत्या. जयपूरच्या मुबारक अलीखाँ यांच्या पेचदार ताना त्यांनी तरुणपणी मन लावून ऐकल्या होत्या. या सगळ्यातून त्यांनी नवे गाणे बांधले : मोकळा आकार, लयीशी घट्ट विणलेली वळणावळणाची तान, अखंड श्वासात समेपर्यंत चालत जाणारी रचना आणि फारसे कोणी न गाणारे अनवट राग. यालाच पुढे जयपूर-अत्रौली घराणे म्हणू लागले.

१८९५ साली ते कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि १९२२ साली महाराज वारले तोपर्यंत तिथेच राहिले. या काळात त्यांच्याकडे शिकायला आले भास्करबुवा बखले. त्यांची कहाणीही अशीच. लहानपणी गोड गळ्यामुळे किर्लोस्कर नाटक मंडळीत त्यांचे कौतुक झाले. वयात येताना आवाज फुटला आणि ते कौतुक संपले. नाटक सुटले, पण गाणे सोडले नाही. बडोद्याचे फैज महंमदखाँ, आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि शेवटी अल्लादियाखाँ अशा तीन गुरूंकडे ते शिकले. पुण्याची भारत गायन समाज ही संस्था त्यांनीच १९११ साली काढली. गळ्याने दगा दिलेल्या दोन माणसांनी महाराष्ट्राला गाणे शिकवले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पुढे खाँसाहेब मुंबईला राहू लागले. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई आणि कुर्डी गावच्या मोगूबाई या दोघी त्यांच्या शिष्या. गंमत पाहा, स्वतःचा गळा दुखावल्यानंतर गुरूने जी गायकी रचली, ती या दोघींच्या भरदार, खणखणीत गळ्यांनी घरोघर पोचवली. खाँसाहेबांच्या स्वतःच्या गाण्याची तबकडी मात्र आपल्याला ऐकायला मिळत नाही. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने आकाशात सोडली. त्यांत पृथ्वीवरचे संगीत भरलेली सोनेरी तबकडी आहे आणि तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. त्यातले एक यान २०१२ साली ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरले. आमलेट्याला बसलेला आवाज शिष्येच्या गळ्यातून असा किती दूर गेला!

आता त्या तरुणाला दोन शब्द. बाळ, आधी गळ्याच्या डॉक्टरला दाखव आणि तो सांगेल तितके दिवस गप्प राहा. मग पट्टी दोन सुरांनी खाली घे आणि पुन्हा पुढच्या बाकावर येऊन बस. वरचे सूर परत येतील की नाही हे परमेश्वराला माहीत. पण आपली जुनी गाणी पाठ असलेली माणसे इथे दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि ती तुला पाठ आहेत. तू खालच्या पट्टीत सुरुवात कर. आम्ही म्हातारी माणसे तुझ्यामागे गाऊ. खरे सांगायचे तर, आम्हालाही तीच पट्टी झेपते.