शिवाजी महाराजांची पत्रं सहीवर नाही, शिक्क्यावर चालायची! मग अस्सल पत्र ओळखतात कसं?

व्हॉट्सअॅपवर अधूनमधून एक फोटो फिरत असतो. पिवळट कागद, त्यावर मोडीतल्या चार ओळी आणि खाली मजकूर, की ही बघा शिवाजी महाराजांची सही. हजारो लोक तो पुढे पाठवतात. गंमत अशी, की त्या काळात राजेलोक पत्राखाली आजच्यासारखी सहीच करत नसत.

सह्या गोळा करणाऱ्यांच्या जगात एक नियम पक्का मानला जातो. माणूस मोठा होत जातो, तशी त्याची सही बदलत जाते. अमेरिकेचा बेसबॉलपटू बेब रूथ याचं उदाहरण नेहमी दिलं जातं. त्याच्या जुन्या सह्यांमध्ये बेब या टोपणनावाभोवती अवतरणचिन्हं असायची, पुढे ती गेली. त्यामुळे चेंडूवरची सही कोणत्या काळातली हे जाणकार पटकन सांगतात. म्हातारपणीच्या चेंडूवर तरुणपणीची सही दिसली, की शंका घेतात.

शिवाजी महाराजांच्या बाबतीत मात्र हे बरोबर उलटं आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी जो शिक्का त्यांच्या पत्रावर दिसतो, त्याच मजकुराचा शिक्का छत्रपती झाल्यावरही दिसतो. बदललं ते शिक्क्याच्या आजूबाजूचं सगळं. म्हणूनच त्यांच्या पत्राची पारख नुसत्या शिक्क्यावरून होत नाही, शिक्क्याभोवतीच्या मजकुरावरून होते.

शिक्का आणि मोर्तब म्हणजे काय?

एखादी गोष्ट पक्की झाली, की आपण शिक्कामोर्तब झालं असं म्हणतो. हा शब्द थेट त्या काळच्या दफ्तरातून आलाय.

पत्र लिहायचं काम कारकुनांचं आणि चिटणिसांचं. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचं नाव यात सगळ्यांत प्रसिद्ध आहे. बोरूने, काळ्या शाईत, मोडी लिपीत पत्र लिहून व्हायचं. त्यानंतर वरच्या भागात मुख्य शिक्का, म्हणजे मुद्रा उमटवायची. मजकूर संपला, की शेवटी दुसरा छोटा शिक्का. हा मोर्तब. मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही लिहिलं तर ते आमचं नाही, असा त्याचा अर्थ. आज चेकवर रकमेच्या पुढे रेघ मारतात, तसंच.

पत्र लांबलं, तर कागदाला कागद चिकटवायचे आणि सांध्यावरही शिक्का मारायचा. मधला तुकडा कुणी बदलू नये म्हणून ही खबरदारी. गावच्या पाटलाला कागदावर खूण करायची असेल, तर तो नांगराचं चित्र काढायचा.

थोडक्यात, पत्रातलं अक्षर महाराजांचं नसे, चिटणिसाचं असे. हुकूम मात्र महाराजांचा असे आणि तो त्यांचाच आहे याची खात्री शिक्का देत असे.

शिवनेरीवरचा जन्म, पण शिवनेरीवर हुकूम नाही

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. तिथून ईशान्येला, शेजारच्या जुन्नर तालुक्यात शिवनेरी किल्ला उभा आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी महाराजांचा जन्म इथे झाला. वडील शहाजीराजे दख्खनच्या राजकारणातले मोठे सरदार. लहानपणी जिजाबाईंनी त्यांना याच भागात सांभाळलं.

पण १६३६ च्या तहानंतर शहाजीराजांना किल्ले सोडावे लागले आणि शिवनेरी मुघलांकडे गेला. त्यानंतर महाराजांच्या हयातीत तो स्वराज्यात आलाच नाही. १६५७ मध्ये महाराजांच्या माणसांनी रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहरात प्रवेश केला. तीन लाख होन आणि दोनशे घोडे हाती लागले. शहर लुटलं गेलं, पण डोक्यावरचा किल्ला मुघलांकडेच राहिला. पुढे शाहू महाराजांच्या काळात तो मराठ्यांना मिळाला.

कागद पारखणाऱ्यासाठी ही माहिती कामाची आहे. १६७० सालचं, शिवनेरीच्या किल्लेदाराला महाराजांनी दिलेला हुकूम असं सांगणारं पत्र कुणी समोर आणलं, तर शिक्का कितीही सुंदर असो, शंका घ्यायलाच हवी. त्या साली शिवनेरीवर त्यांचा किल्लेदारच नव्हता.

सोळा वर्षांच्या मुलाचा शिक्का

महाराजांची मुद्रा असलेल्या सर्वांत जुन्या पत्रांपैकी एक आहे २८ जानेवारी १६४६ चं. रांझे गावच्या बाबाजी गुजर पाटलाने बदअंमल केला. त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा झाली आणि पाटीलकी काढून घेतली गेली. ती पुढे त्याच कुळातल्या सोनाजी गुजराकडे दिली. त्या वेळी महाराज सोळा वर्षांचेही पूर्ण नव्हते.

या पत्रावरची मुद्रा अष्टकोनी आहे आणि तिच्यावर संस्कृत श्लोक आहे. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाने वंदावी अशी, शहाजींचा पुत्र शिवाजी याची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते आहे, असा त्याचा भाव.

आता यात विशेष काय? त्या काळी दख्खनमध्ये सरदारांचे शिक्के बहुतेक फारसीत असत. खुद्द जिजाबाईंचा शिक्का फारसीत आहे. त्यात त्यांची ओळख राजा शिवाजींची आई अशी दिली आहे. अशा वातावरणात एका जहागिरीपुरता अधिकार असलेल्या मुलाची मुद्रा संस्कृतात असणं हेच वेगळं होतं. आणि चंद्राची उपमाही पौर्णिमेची नाही, प्रतिपदेची. आज लहान आहोत, पण वाढणार आहोत, हे त्यात आधीच सांगून ठेवलं होतं.

तारीख कशी वाचायची?

रांझ्याच्या पत्रावर इसवी सन नाही. त्या काळच्या मराठी कागदांत शुहूर सन वापरत आणि तो आकड्यात नाही, अरबी शब्दांत लिहीत. या पत्रात सीत अर्बैन अलफ असं साल येतं. सीत म्हणजे सहा, अर्बैन म्हणजे चाळीस, अलफ म्हणजे हजार. झालं १०४६.

शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले, की इसवी सन मिळतं. हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला सुरू होतं. त्यामुळे जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवायचे. जानेवारी महिना आहे, म्हणून १०४६ अधिक ६००, बरोबर १६४६. हिशोब जुळला.

पत्राची सुरुवातही त्या काळाची खूण सांगते. अजरख्तखाने राजश्री शिवाजीराजे अशा फारसी वळणाच्या मायन्याने ही जुनी पत्रं सुरू होतात. शिक्का संस्कृत, पण दफ्तराची भाषा अजून सुलतानी राजवटीचीच होती.

१६७४: शिक्का तोच, बाकी सगळं नवं

मधल्या वर्षांत काय काय घडलं, हे महाराष्ट्राला पाठ आहे. १६५६ मध्ये जावळी आली. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले. १६६६ मध्ये आग्र्याहून सुटका झाली आणि १६७० पासून गेलेले किल्ले परत यायला लागले. या सगळ्या चढउतारात पत्रांवर उमटत होती ती तीच चंद्रकोरीची मुद्रा.

मग ६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, रायगडावर राज्याभिषेक झाला आणि दफ्तर पालटलं.

पहिला बदल कालगणनेचा. राज्याभिषेक शक सुरू झाला. पत्रात संवत्सराचं नाव, महिना, पक्ष, तिथी आणि वार येऊ लागले. पहिल्या वर्षी आनंद संवत्सर होतं.

दुसरा बदल मायन्याचा. राजश्री शिवाजीराजे गेलं आणि क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपति आलं.

तिसरा बदल भाषेचा. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. भाषा एका रात्रीत बदलली नाही. फारसी शब्द नंतरही राहिले आणि आजही आपण कागद, शाई, जमीन, वकील म्हणतोच. पण पत्रांतलं त्यांचं प्रमाण उतरत गेलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी वेगवेगळ्या काळातल्या पत्रांमधले शब्द मोजून हे दाखवून दिलं.

चौथा बदल दरबाराचा. अष्टप्रधान नेमले गेले, त्यांचे स्वतःचे शिक्के चालू लागले.

एवढं सगळं बदललं, पण छत्रपतींच्या मुद्रेचा मजकूर बदलला नाही. नव्या पदव्यांचा भारदस्त शिक्का करून घेणं सहज शक्य होतं. तरी शहाजींचा पुत्र शिवाजी ही ओळख त्यात तशीच राहिली.

खोटे कागद कुठून आले?

खेळाडूची खोटी सही पैशासाठी केली जाते. शिवकालीन खोट्या कागदांमागे आणखी मोठं कारण होतं, जमीन आणि वतन. आपली पाटीलकी, देशमुखी किंवा इनाम थोरल्या महाराजांनी दिलंय, असं सिद्ध झालं तर पिढ्यान्‌पिढ्यांची सोय व्हायची. त्यामुळे वतनाच्या भांडणांत बनावट कागद पुढे येत. इंग्रजांच्या काळात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने घरोघरच्या सनदा तपासायला घेतल्या, तेव्हाही अस्सल कोणती आणि बनावट कोणती हाच मुख्य प्रश्न होता. एका खोट्या शिक्क्याने खऱ्या हक्कदाराची जमीन जाऊ शकत होती.

म्हणून अभ्यासक एका खुणेवर थांबत नाहीत, सगळ्या खुणा एकमेकींशी ताडून बघतात.

• राज्याभिषेक शक असलेलं पत्र ६ जून १६७४ च्या आधीचं असू शकत नाही.

• महाराजांचं निधन ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर झालं. तेव्हा राज्याभिषेक शकाचं सहावं वर्ष चालू होतं. त्यामुळे शक ७ किंवा त्यापुढचं वर्ष घातलेलं पत्र त्यांचं असू शकत नाही.

• १६५० च्या पत्रात छत्रपति ही पदवी आली, तर गडबड आहे.

• तिथी आणि वार पंचांगाशी जुळले पाहिजेत. बनावट कागद करणारे इथे हमखास चुकतात.

• कागदही बघायचा. त्या काळी हातकागद वापरत आणि जुन्नर हे त्याचं नावाजलेलं केंद्र होतं. जुन्नरी कागद दफ्तरांत ओळखीचा होता. यंत्रावरच्या गुळगुळीत कागदावर शिवकालीन पत्र असेल, तर ते मूळ पत्र नाही.

यात एक गोष्ट लक्षात ठेवायची. नक्कल म्हणजे खोटं नव्हे. मूळ पत्राची प्रत करून ठेवायची जुनी पद्धत होती. नक्कल मूळ म्हणून विकली, तर ती फसवणूक.

मग महाराजांचं हस्ताक्षर?

यावर अभ्यासकांत बराच वाद झालाय. सगळ्यांनी मान्य केलेला स्वाक्षरीचा नमुना मात्र नाही. याउलट संभाजी महाराजांचं अक्षर ओळखीचं आहे. १६८० मध्ये बाकरे शास्त्रींना दिलेल्या संस्कृत दानपत्रावर त्यांनी वरचा मजकूर आपल्याला मान्य असल्याचं स्वतःच्या हाताने लिहिलंय. त्यांची मुद्राही वेगळी होती, पिंपळपानाच्या आकाराची. वडिलांचा शिक्का मुलाने पुढे चालवला नाही, स्वतःचा केला.

घरात मोडी कागद सापडला तर?

जुन्नर आणि आंबेगावच्या कितीतरी जुन्या घरांत मोडी कागदांची रुमालं होती. डिंभे धरणात जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं, तालुक्याला नाव मात्र त्याचंच राहिलं. गाव असं उठतं, घरं वाटली जातात, तेव्हा माळ्यावरचे कागद सगळ्यांत आधी रद्दीत जातात. मोडी वाचता येत नाही, म्हणून ते निरुपयोगी वाटतात.

असा कागद मिळाला, तर त्याला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. फोटो काढून मोडी जाणकाराला दाखवा. पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, सरकारचं पुराभिलेखागारही आहे. विकायचा विचार असेल, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी माहीत असू द्या. ऐतिहासिक मोल असलेली ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं त्यात येतात. ती विकायचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत.

आणि पुढच्या वेळी महाराजांच्या सहीचा फोटो मोबाईलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढंच बघा: साल कोणतं, मायना कोणता आणि शेवटी मोर्तब आहे का.